कॉटन ग्रीनच्या ओट्यावरची वाघीण: बीपीटी रेल्वेच्या एका सायडिंगचं प्रकरण

मुंबईत बीपीटी रेल्वेचा, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या स्वतःच्या रेल्वेचा, विषय निघाला की दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, अहो गिरण्याच बंद पडल्या, मग रेल्वे कोणासाठी चालणार. दुसरा म्हणतो खाडीपलीकडच्या न्हावाशेवा बंदराने सगळं खाल्लं. तिसरा ट्रकवाल्यांवर घसरतो. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण कॉटन ग्रीन ते शिवडी पट्ट्यातल्या कापसाच्या गोदामांपर्यंत जी सायडिंगं, म्हणजे मुख्य रुळांतून फुटलेले फाटे, होती त्यांच्यापुरतं बोलायचं तर मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की या सायडिंगांचं काम एकच होतं, आलेली मालगाडी मोडून तिचे तुकडे दारोदार पोचवणं, आणि ज्या दिवशी भारतीय रेल्वेने मालगाडी मोडायचीच नाही असं ठरवलं त्या दिवशी या फाट्याचं काम संपलं. बाकी सगळं त्याच्यावर येऊन पडलं.

अख्ख्या बीपीटी रेल्वेचा इतिहास लिहायला बसलो तर उठायचो नाही, म्हणून इथे एकच प्रकरण घेतोय. वऱ्हाडातून निघालेली कापसाची एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, गोदामाच्या ओट्याला लागायची कशी, आणि ती यायची का थांबली. माझे काका या रेल्वेत आधी पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, आणि मग शंटिंग, म्हणजे डबे जोडण्या-तोडण्याच्या कामाचे, जमादार होते, त्यामुळे ओट्याजवळच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकलेल्या आहेत, बाकीचं आवड म्हणून वाचून आणि जुने नकाशे डोळ्यांखालून घालून जुळवलेलं आहे.

आधी जागा समजून घ्या

बॉम्बे पोर्ट ट्रस्ट १८७३ चा. १८८० ला प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. गोदी वाढली, जहाजं वाढली, पण जहाज आणि रेल्वे यांच्यामध्ये बऱ्याच मालाला बैलगाडीचाच आधार होता. पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे काढली ती १ जानेवारी १९१५ ला, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत. वाट जेमतेम दहा-अकरा किलोमीटरची, पण यार्डं आणि सायडिंगं धरली तर रूळ त्याच्या कितीतरी पट, कारण ही रेल्वे लांब पळण्यासाठी नव्हतीच, ती पसरण्यासाठी होती. वडाळ्याला बाहेरच्या रेल्वेकडून वाघिणी ताब्यात घ्यायच्या आणि पुढे गोदी, धान्याची वखार, कापसाची गोदामं, कोळशाचे बंदर असं वाटत जायचं. वडाळ्याच्या पलीकडे रावळी जंक्शनला दोन्ही मोठ्या रेल्वे भेटायच्या, कुर्ल्याकडून जीआयपी म्हणजे आजची मध्य रेल्वे, माहीमकडून बीबीसीआय म्हणजे पश्चिम.

लोकांना या रेल्वेचं कौतुक कशाचं, तर फ्रंटियर मेलचं. १ सप्टेंबर १९२८ ला ती गाडी सुरू झाली ती बॅलार्ड पिअर मोल स्टेशनवरून, विलायतेची बोट लागली की साहेब लोक उतरून थेट डब्यात. फोटो त्याचेच, आठवणी त्याच्याच. पण त्या गाडीचं भाडं म्हणजे या रेल्वेची भाकरी नव्हे हो. भाकरी होती गहू, कापूस, कोळसा, लोखंड, खत. दिवसरात्र ढकलाढकली करणाऱ्या कळकट वाघिणींची आठवण कोणी फ्रेम करून लावत नाही एवढंच.

कापूस इकडे आला कसा तेही सांगतो. मुंबईचा कापूस बाजार आधी फोर्टात भरायचा, १८४४ ला तो कुलाब्याला नेला, आणि माझगाव-शिवडीचा समुद्र बुजवून मोठी जमीन तयार झाल्यावर १९२० च्या दशकात इकडे. पक्क्या गोदामांच्या रांगा, मध्ये भरपूर रुंद रस्ते, प्रत्येक रांगेच्या बाजूने रूळ, आणि ओटा वाघिणीच्या दाराच्या उंचीला. रस्ते रुंद ठेवायचं कारण आग. कापूस पेटला की वरून विझल्यासारखा दिसतो आणि आतून धुमसत राहतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा त्या जहाजावर दारूगोळ्याबरोबर कापसाच्या हजारो गाठी होत्या हे सगळ्यांना माहीत आहे, आगीची सुरुवात कापसात आणि शेवट दारूगोळ्यात. काका म्हणायचे कापसाच्या लाइनीवर बिडीचं नाव काढलं तरी मुकादम अंगावर यायचा. इंजिनही ओट्यापर्यंत पुढे तोंड करून आणायचं नाही, वाघिणी पुढे आणि इंजिन मागे, अशा ढकलत न्यायच्या, म्हणजे कापसापासून इंजिन शक्य तेवढं लांब.

वाघीण ओट्याला लागेपर्यंत

समजा खामगावचा कापूस आहे. खामगाव ते जलंब हा छोटासा रेल्वेफाटा १८७० चा, कापसासाठीच टाकलेला, म्हणजे या गोष्टीच्या दुसऱ्या टोकालाही एक कापसाचा फाटाच आहे. तिथल्या जिनिंग प्रेसिंगमधून दाबून बांधलेल्या गाठी वाघिणीत भरायच्या. वाघीण कुठली, तर जुनी चार चाकांची, बंद डब्याची, व्हॅक्यूम ब्रेकवाली. तिच्यात माल बसायचा २२ टनांच्या आसपास. आज गाठ १७० किलोची धरतात, त्या हिशेबाने वजनावर १२९ गाठी होतात, पण कापूस वजनाआधी जागा खातो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच बसायच्या, काकांच्या बोलण्यात नेहमी "शंभरेक गाठी" असंच यायचं.

ही एकटी वाघीण. हा शब्द महत्त्वाचा, एकटी. व्यापाऱ्याने एकच वाघीण मागितली तरी रेल्वे द्यायची. मग ती जलंबला कुठल्यातरी मालगाडीला जोडली जायची, भुसावळच्या यार्डात ती गाडी फोडून मुंबईकडच्या वाघिणी वेगळ्या काढायच्या, पुन्हा नवी गाडी बांधायची, इगतपुरीला इंजिन बदलायचं कारण तिथून खाली मुंबईपर्यंत डीसी वीज होती, मग घाट उतरून कल्याण, कल्याणला पुन्हा फोडाफोड, मग कुर्ला, मग वडाळा. वडाळ्याला बीपीटीचा माणूस पाटी-पेन्सिल घेऊन नंबर उतरवून घ्यायचा, सील बघायचा, वाघिणीच्या अंगावरचं लेबल वाचायचा आणि खडूने बाजूवर खूण करायचा, कुठली रांग, कुठलं गोदाम. शेवटचा प्रवास जेमतेम काही किलोमीटरचा पण त्यालाच सगळ्यात जास्त माणसं लागायची.

ते शंटिंग काकांनी मला अनेकदा हाताने करून दाखवलंय, जेवणाच्या ताटासमोर, वाटी म्हणजे इंजिन आणि दोन बटाटे म्हणजे वाघिणी. इंजिनाने पाच-सात वाघिणी ढकलत आणायच्या, मागची दोन या रांगेत टाकायची, पुढची तीन त्या रांगेत. एक जण पॉइंटच्या दांड्यावर, एक जण हातात झेंडी घेऊन रस्त्याच्या तोंडाशी, कारण गोदामाच्या रस्त्यातून रूळ आडवे गेलेले आणि बैलगाडीवाला थांबायचं नाव घेत नाही, आणि एक जण म्हणजे काका वाघिणीच्या बाजूने धावत, हातात जाड दांडकं. वाघिणीच्या बाजूला जो लांब ब्रेकचा दांडा असतो ना, त्याच्यावर ते दांडकं अडकवून अंगाचा सगळा भार टाकायचा, चाकं किंचाळायची, आणि वाघीण ओट्याच्या दाराशी यायची. दार आणि ओटा जुळला पाहिजे. दोन हात पुढे गेली तर इंजिन परत बोलवायला लागायचं आणि ड्रायव्हर शिव्या घालायचा. ते नको असेल तर हमाल आणि पोर्टर मिळून पहारीने चाक रेटून वाघीण हातभर मागे घ्यायचे. "लावा रं दम, ओट्याला लागली की च्या पाजतो" असं म्हणणारा मुकादम होता म्हणे, साताऱ्याकडचा, चहा त्याने कधी पाजला की नाही हे काकांनाही आठवत नव्हतं.

मग सील तोडायचं, दार उघडायचं, हमाल आकडा मारून गाठ ओढायचे. वाघीण रिकामी करायला ठरावीक तास फुकट, त्यानंतर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. आणि त्या गोदामातून गिरणीपर्यंत? तिथे रेल्वे संपली. लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या गिरण्यांना गाठी जायच्या त्या बैलगाडीने, हातगाडीने आणि पुढे लॉरीने. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटचा टप्पा पहिल्यापासून रस्त्यावरच होता.

धोरण कुठे फिरलं

१९७० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेची मालवाहतूक रडतखडत चाललेली. वीजकेंद्रांना कोळसा वेळेवर पोचत नव्हता, वाघिणी यार्डात अडकून पडलेल्या, एक वाघीण भरली की परत भरायला मिळेपर्यंत पंधरवडा जायचा. कारण साधं होतं, गाडी जितक्या यार्डात फोडाल तितके दिवस जाणार. १९८० नंतर, एम. एस. गुजराल रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष असताना, रेल्वेने दिशा बदलली. अख्खी गाडी एका ठिकाणी भरायची, मध्ये कुठल्याही यार्डात न फोडता दुसऱ्या टोकाला नेऊन रिकामी करायची. एकटी वाघीण मागणाऱ्याला आधी थांबवायचं, मग टाळायचं, मग बंद. जोडीला नवीन वाघिणी आल्या, आठ चाकी, एअर ब्रेकवाल्या, उघड्या बॉक्सएन आणि बंद बीसीएन. जुन्या चारचाकी व्हॅक्यूमवाल्या हळूहळू भंगारात.

देशाच्या हिशेबाने हा निर्णय बरोबरच होता, मला त्यात शंका नाही. तेवढ्याच रुळांवर रेल्वेने ऐंशीच्या दशकात कितीतरी जास्त माल वाहिला, कोळसा-सिमेंट-पोलाद सगळं सुधारलं. मी इथे कोणाला खलनायक ठरवत नाहीये. पण त्या निर्णयात कॉटन ग्रीनला जागाच नव्हती, आणि ही गोष्ट भावनेपेक्षा फुटपट्टीने जास्त कळते.

एका बीसीएन वाघिणीची लांबी साधारण साडेचौदा मीटर. ४० वाघिणींची रेक, म्हणजे न मोडता पळणारी अख्खी गाडी, धरली तर ५८० मीटर, वर इंजिन आणि ब्रेक व्हॅन. आता गोदामाच्या रांगेशेजारचं सायडिंग बघा, त्याची लांबी ठरवली होती ती एका रांगेत एका वेळी पाच-सात चारचाकी वाघिणी लागतील अशा हिशेबाने, आणि अशी चारचाकी वाघीण म्हणजे सात-साडेसात मीटर. म्हणजे एक रेक रिकामी करायची तर ती कित्येक तुकड्यांत फोडून वेगवेगळ्या रांगांत टाकायला पाहिजे, आणि फोडायचं नाही हाच तर नवा नियम. वळणंही तशीच, गोदामांच्या कोपऱ्यातून वळणारे रूळ आखूड चारचाकी वाघिणीसाठी टाकलेले, लांब आठचाकी वाघीण तिथून नेताना ओट्याचा कोपरा घासेल की काय ही धास्ती. काका म्हणायचे "नवीन डबा आला की आम्ही चालायचो, धावायचो नाही".

माल किती ते बघा. बीसीएनमध्ये माल बसतो साधारण ५४ टन. वजनाने ३०० च्या वर गाठी, कापूस जागा खातो म्हणून आपण २०० च धरू. ४० वाघिणी म्हणजे ८,००० गाठी, एकाच वेळी, एकाच ठिकाणी, आणि त्या उतरवायला मिळणार मोजके तास, नाहीतर अख्ख्या रेकचं डेमरेज. कापसाचा बाजार असा चालतच नाही. व्यापाऱ्याला शे-दोनशे गाठी पाहिजेत, त्याही नमुना बघून, धाग्याची लांबी बघून, आज खामगावच्या, परवा जळगावच्या, पुढच्या आठवड्यात गुजरातच्या. आठ हजार गाठी एका भावाने एका दिवशी घेणारा शेठ कुठून आणायचा? चारचाकी वाघीण हे जणू त्या बाजारासाठीच कापलेलं माप होतं, एक वाघीण म्हणजे एक सौदा. ते मापच बाजारातून काढून घेतलं.

संप, ट्रक आणि न्हावाशेवा

आता नेहमीच्या कारणांकडे येतो. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, साठेक गिरण्या. धोरणाचा बदल आणि संप एकाच सुमाराचे, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेत आणि लोकांच्या आठवणीत साहजिकच संप उरलाय, कारण संपाने घरं बसली. रेल्वे बोर्डाचं परिपत्रक कोणाच्या लक्षात राहतंय.

पण क्रम नीट लावला तर काय दिसतं. संपानंतर सगळ्या गिरण्या एका रात्रीत संपल्या नाहीत, बऱ्याच कमी कामगारांवर परत सुरू झाल्या, तेरा गिरण्या १९८३ ला सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्या चालवल्याही. कापूस लागतच होता, कमी लागत होता. शिवाय कॉटन ग्रीनला येणारा सगळा कापूस मुंबईच्या गिरण्यांचा कधीच नव्हता, निर्यातीचा होता, नुसता साठवून भाव वाढायची वाट बघणारा होता. काकांचं ठाम म्हणणं होतं की संपानंतरही गोदामं रिकामी नव्हती, गाठी येत होत्या, फक्त ओट्याच्या रुळाच्या बाजूने यायच्या बंद होऊन रस्त्याच्या बाजूने यायला लागल्या. म्हणजे माल होता आणि वाघीण नव्हती. संपाने बाजार बारीक केला हे कबूल, पण बारीक झालेल्या बाजाराला लहान माप आणखी जास्त लागतं, आणि तेच नेमकं मिळत नव्हतं.

ट्रकचं तर सरळ आहे. त्या काळचा ट्रक नऊ-दहा टनांचा, त्यात पन्नास-साठ गाठी, म्हणजे चारचाकी वाघिणीच्या निम्मं माप. खामगावच्या प्रेसिंगमधून निघाला की आग्रा रोड धरून दोन-तीन दिवसांत थेट गोदामात किंवा थेट गिरणीच्या गेटवर, मध्ये भुसावळ नाही, कल्याण नाही, वडाळा नाही, हमालीही एकदाच. भाडं जास्त असेल पण माल कुठे आहे हे धाब्यावर निरोप ठेवून का होईना कळायचं. वाघीण यार्डात हरवली की तिचा शोध घ्यायला माणूस पाठवायला लागायचा, आणि हे मी विनोदाने म्हणत नाहीये, व्यापाऱ्यांची अशी माणसं खरोखर असायची. तरी ट्रकने रेल्वेचा माल पळवला असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. दुकानदाराने सुटं सामान द्यायचं बंद करून फक्त पोतं देईन म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारी जाणारच, त्याला पळवलं कोण म्हणायचं?

न्हावाशेवा बंदर सुरू झालं मे १९८९ ला. तोपर्यंत कापसाच्या सायडिंगांवर गवत वाढायला लागलं होतं, त्यामुळे या प्रकरणात ते कारण म्हणून चालतच नाही, तारीखच जुळत नाही. मात्र कंटेनर ही गोष्ट वेगळ्या अर्थाने इथे येते. रेल्वेने एकटी वाघीण बंद केली तरी छोट्या सौद्याची गरज संपली नव्हती, ती कंटेनरने उचलली. गाडीवरच्या ९० कंटेनरपैकी एक डबा माझा, बाकीचे कोणाचे का असेनात, गाडी मात्र अख्खी पळते आणि मोडते ती क्रेनने, शंटिंगने नाही. म्हणजे काका जे दांडकं घेऊन करायचे तेच काम, फक्त रुळावरून उचलून हवेत नेलं. आणि त्यासाठी लांब सरळ रूळ आणि मोकळं आवार लागतं, ते खाडीपलीकडे होतं, इकडे नव्हतं.

मग गोदीतली मालगाडी कशी टिकली

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार इथे आहे. तीच रेल्वे, तोच वडाळा, तीच हार्बरच्या लोकलमधून वाट काढत जायची कटकट, तरीही गोदीकडून निघणाऱ्या खताच्या, पोलादाच्या, कोळशाच्या रेक कापसानंतर कितीतरी वर्षं चालत राहिल्या. का? कारण तो माल जहाजातूनच हजारो टनांनी एकदम उतरतो. एका जहाजातून कित्येक रेक भरतात. साठच्या दशकात पीएल-४८० या अमेरिकन मदत योजनेचा गहू यायचा तोही तसाच, जहाज लागलं की गोण्या भरून गाड्यांवर गाड्या. हा माल मुळातच घाऊक, त्याला गाडी न मोडण्याच्या धोरणाने उलट फायदाच झाला.

संपाने किंवा शहराच्या बदलाने ही रेल्वे मेली असती तर गोदीची बाजू आणि गोदामांची बाजू साधारण एकत्र मेली असती. तसं झालं नाही. आधी गेली ती सुटी बाजू, घाऊक बाजू खूप नंतर आटली, आणि ती आटण्याची कारणं पुन्हा वेगळी. तेलाला पाइपलाइन होतीच, जवाहर द्वीपवरून समुद्राखालून थेट ट्रॉम्ब्याला. मोठी जहाजं खोल पाणी शोधत न्हावाशेवाला गेली. आणि मालगाडीला हार्बरवर वाट मिळायची ती रात्रीच, कारण दिवसा चार-पाच मिनिटांना लोकल, रेक भरून तयार असली तरी वडाळ्याला अंधाराची वाट बघत उभी. या प्रत्येकावर वेगळं लिहिता येईल, कापसाशी त्यांचा संबंध नाही.

रुळांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. वापरात नसलेल्या सायडिंगच्या दोन्ही अंगांना झोपड्या आल्या, रे रोडपासून वरपर्यंत, काही ठिकाणी रूळ लोकांच्या अंगणात, कपडे वाळत घालायची जागा. जिथे रस्ता आडवा जातो तिथे डांबराच्या थरावर थर चढले, पावसाळ्यात खड्डा पडला की खाली लोखंड चमकतं आणि बाइकवाला घसरतो. १३ जून २०१३ ला ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला तो याच पोर्टच्या जमिनीवरून, गाडीत बसून वरून बघितलं तर जुन्या यार्डांचा पसारा अजून ओळखता येतो. गोदामांतल्या काहींत आता शूटिंग चालतं, काहींत भलताच माल. शिवडीला फ्लेमिंगो बघायला येणारी गर्दी या रांगांच्या शेजारून जाते, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूवाली पण.

दोन आक्षेप

हे सगळं मी एका गटात बोललो तेव्हा दोन आक्षेप आले, दोन्ही दमदार आहेत.

पहिला असा की सायडिंगं लांब करायची होती, गोदामांच्या दोन रांगा पाडून सरळ सातशे मीटरचा रूळ टाकला असता तर? जागा होती, पोर्ट ट्रस्टची स्वतःची होती. तांत्रिकदृष्ट्या जमलं असतं, मान्य. पण गोदामं भाड्याने दिलेली, वर्षानुवर्षांचे भाडेकरू, आणि त्या भाडेकरूंचे पोर्टशी वाद कोर्टात. आणि टाकला असता तरी आठ हजार गाठींचा प्रश्न तसाच. लांब रुळाने वाघिणी मावतात, गिऱ्हाईक मावत नाही.

दुसरा जास्त अवघड आहे. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन रेक का भरली नाही? चाळीस जणांनी एकेक वाघीण वाटून घ्यायची, असोसिएशन होतीच, कॉटन एक्स्चेंजची इमारत समोर उभी होती. याचं उत्तर मी बाजारातल्या एका जुन्या दलालांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "अरे बाळा, चाळीस कापसाचे व्यापारी एका दिवशी एका गावातून माल उचलायला तयार झाले तर त्या गावात भाव किती चढेल? मी सगळ्यात शेवटी जाईन किंवा सगळ्यात आधी. बरोबर कशाला जाऊ?" शिवाय १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती, राज्यातला कापूस विकत घेणारं एकच घर, तेव्हा घाऊक रेक भरणं कागदावर तरी ती खरेदी करणाऱ्या फेडरेशनलाच शक्य होतं, पण त्यांची गिऱ्हाइकंही उचल करायची ती लॉट बघून, थोडी थोडी, आणि देशभरच्या सूतगिरण्यांना, एकट्या मुंबईला नव्हे.

रेल्वेला पुढे स्वतःलाच हे जाणवलं असावं, कारण नंतर दोन ठिकाणी रिकामी होणारी रेक आली, वीस वाघिणींची मिनी रेक आली. वीस बीसीएन म्हणजे २९० मीटर, चार हजार गाठी. कॉटन ग्रीनच्या हिशेबाने तेही मोठंच, आणि ती सवलत येईपर्यंत ओट्याला लागून असलेल्या रुळांवर वाघीण नेता येईल अशी स्थिती राहिली नव्हती, पॉइंटचे दांडेच जागेवर नव्हते. काका तर तोवर रिटायर होऊन गावी गेले होते.